घाडीताईंच्या पाच निवडणुका

सत्यवती घाडी आमच्या प्रभागातून पाच वेळा महापालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. चार जिंकल्या, पाचवी यंदा जानेवारीत हरल्या. प्रभागात लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणतात. मी वहिनी म्हणतो, कारण त्या ताई व्हायच्या पुष्कळ आधीपासून समोरच्या खोलीतल्या गुणाजीच्या बायको होत्या.

मी हेमचंद्र प्रधान. विमा कंपनीत अडतीस वर्षं कारकुनी केली आणि सगळा जन्म परळच्या या एकाच गल्लीत काढला. मला सरकारी मराठीतला कागद बरा लिहिता येतो. राजकारणाशी माझा संबंध आला तो तेवढ्यावरून. वहिनींची वीस वर्षांतली बहुतेक पत्रं माझ्या हातची आहेत. त्यातल्या एका पत्रामुळे मी आज हे लिहायला बसलो आहे.

पहिली निवडणूक २००२ची. गिरणी बंद पडल्यापासून गुणाजी दिवसभर पक्षाच्या शाखेतच असायचा, आणि त्या वेळी तिकीट त्यालाच मिळणार हे सगळ्यांनी धरलं होतं. मग सोडत निघाली आणि प्रभाग महिलांसाठी राखीव झाला. त्या दुपारी तो घरी आला तेव्हा वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"उद्यापासून तुका उभी रव्हूचा लागतला," तो म्हणाला.

"रेशनला?" त्यांनी विचारलं.

ही गोष्ट पुढे त्या स्वतःच सांगायच्या आणि सांगता सांगता इतक्या हसायच्या की पदर तोंडात कोंबावा लागायचा. तेव्हा त्यांचं हसणं आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. रागही तसाच. नळाचं पाणी गेलं म्हणून त्यांनी एकदा स्टीलचा तांब्या जिन्यातून खाली भिरकावला होता. लग्नात नवरी निघाली की नवरीच्या आईच्या आधी यांचे डोळे भरून यायचे. हे आधीच सांगतो, कारण गेल्या तेरा-चौदा वर्षांत ज्यांनी त्यांना पाहिलं आहे त्यांना हे खरं वाटणार नाही.

दोनशे चौदा मतांनी त्या निवडून आल्या. पहिलं वर्षभर सभागृहात एक शब्द बोलल्या नाहीत. प्रभागातली कामं गुणाजीच बघायचा, अधिकारी त्यालाच फोन करायचे. मग एकदा वॉर्ड ऑफिसमध्ये पाण्याच्या कमी दाबाबद्दल बैठक होती. इंजिनीअरने वहिनींचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघतो ताई. साहेबांशी बोलून घेतो."

"कोण साहेब?"

"घाडीसाहेब."

"साहेब घरी आहेत," वहिनी म्हणाल्या. "नगरसेवक इथे बसलाय."

त्या दिवसापासून फोन त्यांना यायला लागले. गुणाजीला वाईट वाटलं असेल, पण त्याने तसं कधी दाखवलं नाही. २००७ला प्रभाग खुला झाला, पक्षाने गुणाजीला बोलावून घेतलं, तेव्हा तोच म्हणाला, "तिलाच द्या. लोक तिलाच ओळखतात." दुसरी निवडणूक त्या एकोणीसशे मतांनी जिंकल्या.

या सगळ्यात त्यांच्याबरोबर असायची शांता मेस्त्री. शांता नानजी बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला राहायची. नवरा लवकर गेलेला, एक लहान मुलगी, आकांक्षा. शांता ऑफिसांत पोळीभाजीचे डबे पुरवून घर चालवायची आणि उरलेला वेळ वहिनींच्या मागे. मतदारयादी तिला तोंडपाठ होती. कुठल्या खोलीत सून नवी आली आहे, कोणाचं नाव अजून गावच्या यादीत आहे, कोण आजारी आहे आणि त्याला मतदानाला उचलून न्यावं लागेल, सगळं ती सांगायची. पदयात्रेत पुढे तीच. आवाज असा की माईकची गरज नाही.

डिसेंबर २०११मध्ये नानजी बिल्डिंगला नोटीस लागली. अतिधोकादायक, महिनाभरात रिकामी करा, राहण्याची सोय ट्रान्झिट कॅम्पात. कॅम्प लांब, उपनगराच्या टोकाला. आमच्या भागात ट्रान्झिट कॅम्प म्हटलं की लोक आधी नाहीच म्हणतात, कारण गेलेले लोक वीस-वीस वर्षं परत आलेले नाहीत. दुसऱ्याच दिवशी शांता सगळ्या सेहेचाळीस खोल्यांच्या सह्या घेऊन शाखेत आली.

"ताई, काहीही करा, पण हे थांबवा," ती म्हणाली. "माझे डबे सगळे इकडचे. तिकडून मी पोळ्या कशा आणू? पोरीची शाळा इथे."

वहिनींनी तिथूनच अधिकाऱ्याला फोन लावला. ते म्हणाले, मागची भिंत फुगली आहे, आम्हाला जोखीम घेता येणार नाही. वहिनी तासभर भांडल्या. शेवटी ते म्हणाले, "ताई, मग तुम्ही लेखी द्या."

निवडणूक फेब्रुवारीत होती. नानजीत एकशे साठ मतं होती. ही गोष्ट त्या दिवशी शाखेत कोणी बोललं नाही, पण ती कोणाला माहीत नव्हती असं मी म्हणणार नाही.

पत्र मी लिहिलं. "मुलांच्या वार्षिक परीक्षा तसेच रहिवाशांच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न लक्षात घेता सदर कार्यवाही तूर्तास पुढे ढकलण्यात यावी व तोपर्यंत इमारतीस टेकू देण्यात यावेत." उदरनिर्वाह हा शब्द मला सुचला याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. वहिनींनी सही केली. संध्याकाळी नानजीच्या चौकात त्यांनी खुर्चीवर उभं राहून सांगितलं, "कोणी घर खाली करायचं नाही. मी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शांताने घोषणा दिली.

टेकू लागले. फेब्रुवारीत वहिनी तिसऱ्यांदा निवडून आल्या. मार्चमध्ये परीक्षा झाल्या, एप्रिल-मेमध्ये अर्धी बिल्डिंग गावी गेली, आणि त्या पत्राची आठवण कोणालाच राहिली नाही. वहिनींना राहिली नाही, मलाही नाही.

जुलैमध्ये एका गुरुवारी दुपारी पावणेचारला नानजी बिल्डिंगची मागची बाजू खाली आली.

मी फोर्टला ऑफिसात होतो. गुणाजीचा फोन आला. पोचेपर्यंत सहा वाजून गेले होते. गल्लीच्या तोंडाशी दोऱ्या बांधल्या होत्या, अग्निशमन दलाच्या गाड्या उभ्या होत्या, आणि एवढी गर्दी असूनही कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. पुढची बाजू जशीच्या तशी उभी होती. तिथल्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. गटाराच्या कडेला एका प्लास्टिकच्या खुर्चीवर वहिनी बसल्या होत्या. त्यांच्या अंगाला टेकून शाळेच्या युनिफॉर्ममध्ये नऊ वर्षांची आकांक्षा उभी होती. कुठल्यातरी पेपरच्या फोटोग्राफरने तेवढ्यात त्यांचा फोटो घेतला.

शांता तीन वाजेपर्यंत शाखेत होती. कणीक मळायची आहे म्हणून घरी गेली. चार माणसं गेली त्यात ती होती.

वहिनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथून हलल्या नाहीत. स्मशानात त्या रडल्या नाहीत. मला वाटलं, घरी गेल्यावर रडतील. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि दारातच उभं राहून म्हणाल्या, "भाऊ, त्या पत्राची कॉपी आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"ठेवा."

एवढंच बोलून गेल्या.

त्या कोणाची तरी वाट पाहत होत्या हे मला पुढे कळलं. कोणीतरी येऊन म्हणेल की ताई, तुम्ही नोटीस थांबवलीत म्हणून हे झालं. पंधरा दिवसांनी शोकसभा झाली. नानजीतल्या एका म्हाताऱ्याने उठून हात वर केला, तेव्हा वहिनी खुर्चीत ताठ झाल्या. म्हातारा म्हणाला, "ताई रात्रभर आमच्यासाठी तिथे बसून होत्या. दुसरा कोणी नेता फिरकला का?" लोकांनी माना डोलावल्या. चौकशी झाली. तळमजल्याच्या गाळेवाल्याने आतला खांब तोडला होता असं निघालं, आणि ते खोटंही नव्हतं. त्याच्यावर केस झाली. आमचं पत्र फाइलमध्ये होतं. ते कोणी वाचलं की नाही, मला माहीत नाही.

सभेहून परत येताना वहिनी म्हणाल्या, "दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतो ना भाऊ, मग गाल आपला वाटतच नाही. तसं झालंय. सगळंच तसं झालंय."

मी म्हटलं, "होईल हळूहळू कमी."

ते झालं नाही. त्या कामं करत राहिल्या, पूर्वीपेक्षा जास्त करत राहिल्या. गटारं, दाखले, दवाखान्यातली खाट, शाळेतला प्रवेश. फक्त त्यांचं हसणं समोरून ऐकू येईनासं झालं, आणि ओरडणंही. गुणाजी एकदा मला म्हणाला, "आता आमटीत मीठ नसला तरी ती जेवता. मी सांगलंय तरच कळता." निलेश, त्यांचा मुलगा, पनवेलला राहायला गेला, त्या दिवशीही त्या दारात उभ्या राहून हात हलवून आत आल्या आणि लगेच कोणाला तरी फोन लावला.

राजकारणात मात्र हे सगळं त्यांच्या फायद्याचं ठरलं. माझ्या दृष्टीने यातली सगळ्यात विचित्र गोष्ट हीच. २०१७च्या निवडणुकीसाठी पक्षाने कार्यअहवाल छापला. त्याच्या पहिल्या पानावर तो फोटो होता: प्लास्टिकची खुर्ची, वहिनी, युनिफॉर्ममधली आकांक्षा. खाली ओळ होती, "संकटात सावलीसारखी". ओळ माझी. शाखाप्रमुख अमित कदमने फोटो दाखवून विचारलं होतं, याच्याखाली काहीतरी द्या काका, आणि मी दिली. छापील प्रत वहिनींच्या हातात आली तेव्हा त्यांनी ती पाहिली, उलटली, मागचे फोन नंबर बरोबर आहेत का ते तपासलं आणि वाटायला दिली. चौथी निवडणूक त्या तीन हजार आठशे मतांनी जिंकल्या. तेवढ्या मतांनी आमच्या भागात कोणी आलेलं मला आठवत नाही.

त्यानंतर पक्षाने त्यांना सभागृहातलं गटनेतेपद दिलं. समोरच्या बाकांवरून कोणी कितीही आरडाओरडा केला तरी त्या हलत नसत. एकदा एका नगरसेवकाने त्यांच्या टेबलावर कागद फाडून फेकले. त्यांनी ते गोळा केले, बाजूला ठेवले आणि राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "थंड डोक्याच्या नेत्या". विरोधक खाजगीत त्यांची तारीफ करायचे. मी एकदा प्रेक्षक सज्जात बसून त्यांना पाहिलं. सुरेख बोलल्या. समोरचा माणूस काय म्हणतो याने त्यांना काही होत नव्हतं, त्यामुळे त्यांचं उत्तर नेहमी नेमकं असायचं.

२०२२च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि निवडणुका झाल्याच नाहीत. एक वर्ष गेलं, दोन गेली, जवळजवळ चार गेली. नगरसेवक कोणीच नव्हतं. वहिनी तरीही रोज दहाला शाखेत जाऊन बसायच्या. लोक यायचे, त्या फोन करायच्या, अधिकारी कधी उचलायचे, कधी नाही. मधल्या काळात पक्ष फुटला. दोन्हीकडची माणसं त्यांच्याकडे येऊन गेली, चहा पिऊन गेली. त्या जिथे होत्या तिथेच राहिल्या. लोक म्हणाले, याला म्हणतात निष्ठा. मला त्या म्हणाल्या, "कुठे जायचं ते ठरवायला काहीतरी वाटायला लागतं."

गेल्या डिसेंबरात त्यांना पाचव्यांदा तिकीट मिळालं. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात आल्या. हातात पिशवी. "भाऊ, दादरला येता माझ्याबरोबर? ते पत्र घ्या."

आकांक्षा दादरला एका रक्त तपासणीच्या सेंटरमध्ये काम करते. आईनंतर ती कॉटन ग्रीनला मावशीकडे वाढली. तिच्या शाळेची फी वहिनी भरत होत्या, दिवाळीला कपडे पाठवत होत्या, पण भेटायला गेल्या त्या मोजून दोनदा. सेंटरमध्ये उपाशीपोटी आलेले लोक नंबर घेऊन बसले होते. आकांक्षाने आम्हाला पाहिलं, हातातलं काम संपवलं, हातमोजे काढले आणि बाहेर जिन्याशी आली. चेहऱ्याने अगदी शांता.

"काकी, बोला. दहा मिनिटं आहेत मला."

वहिनींनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "आकांक्षा, नानजीला नोटीस आली होती. खाली करायची. ती मी थांबवली. लिहून दिलं होतं. हे पत्र." त्यांनी माझ्याकडे हात केला. मी पत्र पुढे केलं.

तिने ते घेतलं नाही.

"मला माहितीये," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहिती होतं, काकी. मावशीला माहिती होतं. आईनेच तर सह्या घेतल्या होत्या. मी होते ना तिच्याबरोबर, पेन माझ्या कंपासमधलं होतं. आईला जायचं नव्हतं. तुम्ही थांबवलं नसतं तर तिने दुसऱ्या कोणाला तरी सांगून थांबवलं असतं."

आतून कोणीतरी तिला हाक मारली. ती "आले" म्हणाली, पण गेली नाही.

"तुम्ही आलाच आहात तर सांगते. ते कागद छापले होते ना, माझा फोटो असलेले? मला कोणी विचारलं नव्हतं. मी नववीत होते. वर्गात पोरी ते घेऊन यायच्या. ए, ही बघ, हिची आई मेली ती. कोणाच्या घरी गेलं की फ्रिजवर मी. वडापाव घेतला तर कधी कधी त्याच कागदात." तिचा आवाज चढला नव्हता. "आई गेली ते तुम्ही केलं नाही. हे तुम्ही केलंत."

"ते माझ्या लक्षातच आलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"हो ना."

ओळ माझी होती हे मी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आकांक्षा म्हणाली, "या वेळी नका छापू," आणि आत गेली. काचेतून दिसलं, तिने नवे हातमोजे घातले आणि पुढचा नंबर पुकारला.

टॅक्सीत वहिनी म्हणाल्या, "चौदा वर्षं मला वाटलं, हे कोणाला माहीत नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि जे तिला लागलं ते मला माहीत नव्हतं." मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीसारखाच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्म भरला. प्रतिज्ञापत्र मीच भरत होतो. गुन्ह्यांच्या रकान्यात दर वेळेप्रमाणे "निरंक" लिहिलं. त्यांनी तो शब्द बोटाने दाखवला. "निरंक म्हणजे काहीच नाही ना?"

"हो."

त्यांनी सही केली. अमितला फक्त एवढंच सांगितलं की जुना कुठलाही फोटो वापरायचा नाही. तो म्हणाला, ताई, तो फोटो म्हणजे आपला हुकमी पत्ता आहे. त्या म्हणाल्या, "नाही म्हटलं ना." त्याने पुन्हा विचारलं नाही.

प्रचार सुरू झाला. समोर तिशीतली दीपिका नावाची मुलगी होती, फुटून गेलेल्या गटाची, हुशार, रोज मोबाइलवर नवा व्हिडिओ टाकणारी. वहिनी सकाळी आठला निघायच्या, दुपारी दोनला परत, चारला पुन्हा. जिने चढायच्या, ओवाळून घ्यायच्या, म्हाताऱ्यांच्या पाया पडायच्या. पायांना सूज येत होती. गुणाजी संध्याकाळी गरम पाण्याची बादली ठेवायचा. त्या पाय बुडवून बसायच्या, आणि पाणी फार कढत आहे हे गुणाजीने हात घालून बघितल्यावर कळायचं.

प्रचाराच्या शेवटच्या रविवारी आम्ही सदानंद निवासमध्ये गेलो. त्या इमारतीलाही पावसाळ्यानंतर नोटीस आली होती. चौकात लोक जमले होते. तिथले अप्पा सावंत, सत्तरीचे, सोसायटीचे जुने सेक्रेटरी, पुढे आले.

"ताई, आम्ही तुमचेच आहोत. फक्त ते नोटिशीचं बघा. तुम्ही पूर्वी थांबवल्या आहेत."

कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. अमितने मान हलवली, म्हणजे ताई हो म्हणणार. त्याच्या हातातल्या मोबाइलवरून सगळं थेट लोकांपर्यंत जात होतं.

वहिनी म्हणाल्या, "मी थांबवणार नाही. तुम्ही खाली करा."

चौकात कोणीतरी हसलं, मस्करी समजून.

"खरंच सांगते. मार्चच्या आत खाली करा. कॅम्प वाईट आहे, मला माहितीये. परत यायला किती वर्षं लागतील ते मी सांगू शकत नाही. तरी खाली करा."

"ताई, मत मागायला आलात की घर काढायला?" मागून एक बाई म्हणाली.

अप्पा म्हणाले, "आमच्या वयाला तिकडे जाऊन मरायचं?"

"इथे मरण्यापेक्षा," वहिनी म्हणाल्या, आणि थांबल्या. मला वाटलं, आता नानजीचं सांगतील. पण त्यांनी सांगितलं नाही. लोकांना ते माहीतच होतं, आकांक्षा म्हणाली तसं. अमितने माईक घेतला आणि ताईंना काय म्हणायचं आहे ते तो समजावून सांगायला लागला. तोपर्यंत बायका घरात जायला लागल्या होत्या. ओवाळायला आणलेलं ताट एका मुलीच्या हातात तसंच राहिलं. वहिनींनी जवळ जाऊन त्यातलं कुंकू स्वतःच कपाळाला लावून घेतलं आणि बाहेर पडल्या.

रस्त्यात अमित म्हणाला, "एका मिनिटात नव्वद मतं घालवलीत ताई. व्हिडिओ गेला सगळीकडे."

घरी गुणाजीने तो व्हिडिओ आधीच पाहिला होता. मला वाटलं होतं तो चिडेल. त्याने बादली ठेवली, बायकोच्या समोर पाटावर बसला आणि म्हणाला, "बोललंस ता बरां केलंस."

दीपिकाने त्याच संध्याकाळी सदानंद निवासमध्ये जाऊन सांगितलं की नोटीस ती रद्द करून आणेल. मी तिला दोष देत नाही.

सोळा जानेवारीला मतमोजणी झाली. मी केंद्राबाहेर उभा होतो. तेराशे सात मतांनी वहिनी हरल्या. म्हणजे सदानंद निवासची सगळी मतं मिळाली असती तरी हरल्याच असत्या. हे मी त्यांना सांगितलं, बरं वाटावं म्हणून. त्या म्हणाल्या, "हो, हिशोब मी पण केला." दीपिका गुलालात न्हालेली बाहेर आली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. वहिनींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात लाल झाला, तो त्यांनी पदराला पुसला. मग आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायलो. गुणाजीने खारी मागवली. वहिनींनी ती चहात बुडवली आणि म्हणाल्या, "शिळी आहे." गुणाजीने माझ्याकडे पाहिलं.

शाखेत त्या आता जात नाहीत. तरी लोक घरी येतात. गेल्या आठवड्यात एक माणूस मृत्यूचा दाखला मिळत नाही म्हणून आला, तर त्याला त्यांनी सांगितलं, "मी आता कोणी नाही, पण चला." त्याच्याबरोबर वॉर्ड ऑफिसात रांगेत उभ्या राहिल्या, पावणेदोन तास.

परवा सकाळी मासळी बाजारात त्या मला भेटल्या. बांगड्यांचे कल्ले उचलून बघत होत्या. तेवढ्यात अप्पा सावंत आले. सदानंद निवास रिकामी झालेली नाही, नोटिशीला तात्पुरती स्थगिती मिळाली आहे, सगळे तिथेच राहतात. अप्पांच्या हातात कोलंबीची पिशवी होती.

"काय ताई," ते म्हणाले, जरा मिस्कीलपणे, "आमची बिल्डिंग उभी आहे हां अजून."

"बरं आहे ना," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"मुलगा कुठे असतो?"

"डोंबिवलीला."

"जून ते सप्टेंबर तिकडे राहा. चारच महिने."

"त्याच्याकडे जागा कुठे, ताई? दोन खोल्या, त्यात चार माणसं."

"अडचण होईल," वहिनी म्हणाल्या. "तरी राहा."

अप्पा हसायला गेले, मग हसले नाहीत. बघू म्हणाले आणि गर्दीत गेले. कोळीण म्हणाली, ताई, घेताय ना, कधीचे बघताय. वहिनींनी सहा बांगडे घेतले, तिने सात टाकले. त्या माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुम्ही काय घेणार? आज ताजं आहे."

मी म्हटलं, मलाही बांगडेच द्या.